रस्ते अपघातातील जखमींसाठी: नागपुरात नुकसानभरपाईचा दावा कसा करावा

वर्धा रोड, कामठी रोड, आउटर रिंग रोड किंवा समृद्धी महामार्गाचे शिवमडका टोक यांपैकी कोठेही अपघात झाला, तरी जखमीच्या घरच्यांची पहिली धावपळ रुग्णालयाकडे होते आणि तीच योग्य आहे. नुकसानभरपाईचा विचार बहुतेकांच्या मनात महिना-दोन महिन्यांनी, रुग्ण घरी आल्यावर आणि उधारी फेडण्याची वेळ आल्यावर येतो. तोपर्यंत दाव्याला लागणारे अर्धे पुरावे तयार तरी झालेले असतात किंवा कायमचे हातचे गेलेले असतात. म्हणून या लेखात कायद्याच्या कलमांपेक्षा कोणत्या टप्प्यावर कोणता कागद हाती असावा, यावर अधिक भर दिला आहे. हा लेख फक्त मोटार वाहनामुळे झालेल्या दुखापतीबद्दल आहे. वैद्यकीय निष्काळजीपणा किंवा कारखान्यातील अपघात यांचे मार्ग वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

पहिले काही दिवस

जखमीला मेडिकल, मेयो, एम्स किंवा जवळच्या खासगी रुग्णालयात नेताच "रस्ता अपघात" ही नोंद स्पष्ट शब्दांत व्हावी, याची काळजी घ्यावी. घाईत एखादा नातेवाईक "गाडीवरून पडला" एवढेच सांगतो, डॉक्टर तेच लिहून घेतात, आणि दोन वर्षांनी विमा कंपनीचे वकील हाच कागद पुढे करून दुसरे वाहन या अपघातात नव्हतेच, असा युक्तिवाद करतात. धडक देणाऱ्या वाहनाचा क्रमांक माहीत असेल तर तो आणि नसेल तर वाहनाचा प्रकार रुग्णालयातील वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत, म्हणजे एमएलसीत, आला पाहिजे. ही नोंद रुग्णालयाकडून पोलिसांना कळवली जाते, परंतु तेवढ्यावर विसंबून न राहता ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तेथे घरातील एका व्यक्तीने स्वतः जावे. हद्दीचा वाद निघाल्यास कोणत्याही ठाण्यात "शून्य क्रमांकाने" गुन्हा नोंदवता येतो आणि तो पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते.

उपचाराच्या खर्चाबाबत एक तरतूद अजूनही अनेकांना ठाऊक नाही. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत आणि १ लाख ५० हजार रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयात रोख रक्कम न भरता मिळू शकतात. त्यासाठी अपघाताची खातरजमा पोलिसांकडून व्हावी लागते, म्हणून ११२ या आपत्कालीन क्रमांकावर केलेला फोन येथे उपयोगी पडतो. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या अनोळखी माणसाला कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला साक्षीदार करता येत नाही. तरीही तो तयार असल्यास त्याचे नाव व फोन क्रमांक लिहून ठेवावा, कारण पुढे अपघात प्रत्यक्ष पाहिलेला माणूस तोच असू शकतो.

चौकातल्या कॅमेऱ्यांचे आणि दुकानांच्या सीसीटीव्हीचे चित्रण फार दिवस टिकत नाही. तपास अधिकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन ते जप्त करण्याची विनंती करावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी विनंतीचा पुढे काहीही पुरावा राहत नाही.

पोलिसांचे काम आणि आपले काम

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ पासून लागू झालेल्या पद्धतीप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाला, व विमा कंपनीला कळवायचा असतो, दहा दिवसांच्या आत जखमीला त्याच्या हक्कांची माहिती द्यायची असते आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणापुढे ठेवायचा असतो. जखमीने स्वतःची माहिती विहित नमुन्यात साठ दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे द्यावी, अशीही अपेक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात या पद्धतीची अंमलबजावणी करण्याचे सविस्तर निर्देश दिले. हा सविस्तर अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून हाताळता येतो, असे कायदा सांगतो. माझ्या मते मात्र नवख्या माणसाने केवळ पोलिसांच्या अहवालावर थांबू नये आणि स्वतंत्र अर्ज करावाच. अहवालात अपघात कसा झाला हे येते, पण जखमीचे उत्पन्न, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे आणि पुढील उपचारांचा खर्च या गोष्टी त्याच्याइतक्या काळजीने दुसरे कोणी मांडत नाही.

पोलिसांच्या कागदांपैकी फिर्याद, घटनास्थळ पंचनामा व नकाशा, जखमीचे दुखापत प्रमाणपत्र, परिवहन अधिकाऱ्याचा वाहन तपासणी अहवाल, चालकाचा परवाना, वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा पॉलिसी आणि शेवटी दोषारोपपत्र यांच्या प्रती दाव्याला लागतात. वाहनाचा विमा कोणत्या कंपनीचा आहे आणि तो अपघाताच्या दिवशी चालू होता का, हे नोंदणी क्रमांकावरून परिवहन विभागाच्या ऑनलाइन सेवेतही पाहता येते. नागपुरात एमएच-३१ शहर कार्यालयाचा, एमएच-४९ पूर्व नागपूरचा आणि एमएच-४० ग्रामीणचा क्रमांक आहे. नोंदणी दुसऱ्या जिल्ह्याची किंवा राज्याची असली तरी दावा नागपुरात करण्यास त्यामुळे अडचण येत नाही.

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे सुरुवातीलाच समजून घ्यावे. चालक फौजदारी न्यायालयातून सुटला म्हणून दावा आपोआप पडत नाही, कारण न्यायाधिकरणापुढे संशयातीत पुरावा लागत नाही. अपघात चालकाच्या निष्काळजीपणाने होण्याची शक्यता अधिक आहे, एवढे दाखवणे तेथे पुरते.

आपले प्रकरण कोणत्या प्रकारात बसते

मोटार वाहन कायदा, १९८८ यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि भरपाईविषयीचा तिचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. त्यानंतर जखमीपुढे साधारण तीन मार्ग असतात.

कलम १६६ खालील अर्ज हा मुख्य मार्ग आहे. यात चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण भरपाईला ठरावीक मर्यादा नसते. कलम १६४ खाली निष्काळजीपणा सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. हाड मोडले तरी ती कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत ठरते, त्यामुळे बऱ्याच जखमींना हा मार्ग खुला असतो. येथे एक धोका आहे. विमा कंपनीच्या तडजोड प्रक्रियेतून कलम १६४ ची रक्कम स्वीकारली, की कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. ज्याचा पाय कायमचा अधू होणार आहे अशा कमावत्या माणसाने अडीच लाखांवर सही करणे बहुतेक वेळा फार महाग पडते. त्याउलट चूक कोणाची हे दाखवणारा पुरावाच हाती नसेल आणि दुखापत पूर्ण बरी होणारी असेल, तर हाच मार्ग शहाणपणाचा ठरू शकतो.

धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर तिसरा मार्ग आहे. त्यासाठी न्यायाधिकरणाकडे जावे लागत नाही. अपघात ज्या तालुक्यात झाला तेथील उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे विहित नमुन्यात अर्ज करायचा असतो. मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये ठरलेले असून चौकशीनंतर जिल्हा पातळीवर मंजुरी मिळते. नंतर वाहन सापडून मोठी भरपाई मिळाली, तर ही रक्कम त्यातून वजा होते.

वाहन स्वतःच चालवत असताना स्वतःच्याच चुकीने अपघात झाला, तर कलम १६६ चा दावा टिकत नाही. अशा वेळी वाहनमालकाने आपल्या पॉलिसीत १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का, ते पाहावे. दुचाकीवर मागे बसलेल्यांच्या बाबतीतही पॉलिसी नीट वाचावी, कारण दुचाकी घसरून मागचा माणूस जखमी झाला आणि त्या दुचाकीचा केवळ थर्ड पार्टी विमा असला, तर कंपनी जबाबदारी नाकारते. दुसऱ्या वाहनाने धडक दिली असल्यास मात्र मागे बसलेला माणूस त्या वाहनाच्या विमा कंपनीकडे दावा करू शकतो. दोन्ही वाहनांची चूक असेल, तर त्रयस्थ जखमीला पूर्ण रक्कम त्यांपैकी कोणा एकाकडूनही मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेनयेई प्रकरणात स्पष्ट केले आहे. बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतील एखादा कामगार कामावर असताना वाहनाच्या अपघातात सापडला, तर त्याला कामगार नुकसानभरपाईचा कायदा (नोव्हेंबर २०२५ पर्यंत कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३; आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०) आणि मोटार वाहन कायदा यांपैकी एकाचीच निवड करावी लागते.

सहा महिन्यांची मुदत

दुरुस्तीनंतर दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करणे आवश्यक झाले आहे. जुन्या माहितीवर विसंबून "अपघाताच्या दाव्याला मुदत नसते" असे सांगणारे लोक आजही भेटतात. त्यांचे ऐकू नये. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असून, केवळ मुदतीच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेशही २०२५ मध्ये झाला आहे. ज्याचा उशीर आधीच झाला आहे त्याला या आदेशाचा आधार आहे. ज्याच्या हाती वेळ आहे त्याने मात्र सहा महिने हीच मुदत धरून चालावे. उपचार चालू आहेत किंवा दोषारोपपत्र आलेले नाही, या कारणांसाठी थांबण्याची गरज नाही. अर्ज आधी दाखल करून उरलेले कागद नंतर जोडता येतात.

अर्ज कोठे आणि कसा

अपघात जेथे झाला, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, किंवा गैरअर्जदार जेथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यामुळे नागपूरचा रहिवासी छिंदवाड्याजवळ किंवा अमरावतीला जखमी झाला, तरी त्याला आपल्याच शहरात दावा चालवता येतो. नागपुरात यासाठी सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयात जावे लागते. अर्जात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांना गैरअर्जदार करावे. एसटीची बस असेल तर महामंडळाला करावे. वाहन विकले गेले असून नोंदणी मात्र जुन्याच मालकाच्या नावावर असेल, तर नोंदणीकृत मालकाला वगळू नये.

वकील कसा निवडावा, याबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. रुग्णालयांच्या आवारात कोऱ्या वकीलपत्रावर सही मागणारे आणि "खर्च काही नाही, निकालानंतर टक्केवारी द्या" असे सांगणारे मध्यस्थ फिरत असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. शुल्क आधी ठरवावे, लेखी घ्यावे, आणि ज्याला आपण कधी भेटलोच नाही अशा वकिलाच्या नावाने काहीही सही करू नये. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे.

रक्कम कशी ठरते

जखमीच्या भरपाईत उपचाराचा झालेला आणि होणारा खर्च, उपचारकाळात बुडालेली मिळकत, प्रवास, विशेष आहार, सोबत राहणाऱ्या माणसाचा खर्च, वेदना व यातना, जगण्यातले हिरावलेले सुख आणि भविष्यातील कमाईचे नुकसान, अशा अनेक बाबी असतात. यातील शेवटची बाब सर्वांत मोठी असते आणि तिच्याबद्दलच सर्वाधिक गैरसमज आहेत.

प्रमाणपत्रावर "४० टक्के अपंगत्व" लिहिले म्हणजे कमाई ४० टक्क्यांनीच घटली, असे न्यायाधिकरण धरत नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की त्या अपंगत्वाचा त्या माणसाच्या कामावर प्रत्यक्ष काय परिणाम झाला, ते पाहावे. कळमना बाजारात संत्र्यांच्या पेट्या उचलणाऱ्या हमालाचा गुडघा वाकत नसेल, तर त्याच्यासाठी ते जवळजवळ पूर्ण नुकसान असू शकते. त्याच दुखापतीनंतर टेबलावर बसून काम करणाऱ्या लिपिकाचा पगार मुळीच घटणार नाही. म्हणून आपण नेमके कोणते काम करत होतो आणि आता त्यातले काय करता येत नाही, हे शपथपत्रात बारकाईने लिहिणे टक्केवारीच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. ३४ वर्षांचा, स्वतःचा रोजगार करणारा माणूस महिन्याला १५,००० रुपये कमावतो आणि त्याच्या कमाईच्या क्षमतेत ४० टक्के घट झाल्याचे न्यायाधिकरण मान्य करते, असे समजू. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये होते. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसासाठी भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवले, की २,५२,००० रुपये होतात. त्याचे ४० टक्के म्हणजे १,००,८००. सरला वर्मा निकालातील तक्त्यानुसार ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक, म्हणजे वार्षिक नुकसानीला ज्याने गुणायचे तो आकडा, १६ आहे, म्हणून भविष्यातील कमाईचे नुकसान १६,१२,८०० रुपये होते. उपचाराचा खर्च आणि इतर बाबी याच्या वर धरल्या जातात. हाच माणूस ५२ वर्षांचा असता तर गुणक ११ आणि भविष्यातील वाढ १० टक्के धरली गेली असती.

उत्पन्नाचा पुरावा ही आपल्याकडील दाव्यांची सर्वांत दुबळी बाजू आहे. पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र असेल तर प्रश्न नाही. पण ऑटोचालक, गवंडी, घरकाम करणाऱ्या बाया आणि हातगाडीवाले यांच्याकडे ते नसते आणि न्यायाधिकरण मग किमान वेतनाच्या आसपासचे काल्पनिक उत्पन्न धरते. बँकेचे पासबुक, यूपीआयवर जमा झालेल्या रकमा, कर्जाचे हप्ते भरल्याच्या नोंदी, अडत्याची किंवा ठेकेदाराची प्रत्यक्ष साक्ष, यांपैकी जे असेल ते द्यावे. नुसता दाखला देऊन तो देणारा माणूस साक्षीला आला नाही, तर त्या दाखल्याला फारसे वजन राहत नाही.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र शासकीय वैद्यकीय मंडळाकडून घ्यावे आणि ते उपचार स्थिरावल्यावर घ्यावे, कारण हाड जुळण्यापूर्वी काढलेला आकडा उलटतपासणीत टिकत नाही. शक्य असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्षही नोंदवावी. पायात रॉड किंवा प्लेट असेल तर ती काढण्याच्या शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च त्यांच्याकडून लेखी घ्यावा. ही बाब अर्जातून नेहमी सुटते. औषधांची बिले महिन्यांप्रमाणे लावून प्रत्येकासोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. मेडिक्लेममधून पैसे मिळाले आहेत म्हणून बिले लपवू नयेत. मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

तडजोड करावी की नाही

विमा कंपनीने अपघाताची माहिती मिळाल्यावर आपल्या नियुक्त अधिकाऱ्यामार्फत तीस दिवसांत प्रस्ताव द्यावा, अशी कायद्यात तरतूद आहे. याशिवाय राष्ट्रीय लोकअदालतीत अपघाताचे दावे मोठ्या संख्येने ठेवले जातात. तडजोडीचा मोठा फायदा म्हणजे वेळ वाचतो आणि अपील होत नाही. तोटाही तोच आहे, कारण लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो आणि सहा महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली तरी पुन्हा मागणी करता येत नाही.

त्यामुळे वर दाखवलेला हिशेब स्वतःच्या आकड्यांनी कागदावर मांडल्याशिवाय कोणत्याही प्रस्तावाला उत्तर देऊ नये. चूक पूर्णपणे समोरच्याची आहे, विमा चालू आहे आणि अपंगत्व निश्चित झाले आहे, अशा प्रकरणात हिशेबाच्या निम्म्या रकमेवर समाधान मानण्याचे कारण नाही. आपलाही काही दोष निघण्याची शक्यता असेल, उदाहरणार्थ आपण चुकीच्या दिशेने येत होतो असे पंचनाम्यातून दिसत असेल, तर न्यायाधिकरण त्या प्रमाणात रक्कम कमी करते आणि तो धोका धरूनच सौदा करावा. चालकाकडे वैध परवाना नव्हता म्हणून "काहीच मिळणार नाही" असे सांगून कमी रक्कम पुढे केली जाते. अशा वेळी लक्षात ठेवावे, की पुष्कळ प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला पैसे देण्यास आणि नंतर ते मालकाकडून वसूल करण्यास सांगते. मान्य झालेली तडजोड न्यायालयात पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन नोंदवावी, आणि त्यात रक्कम, व्याज व रक्कम जमा करण्याची तारीख हे तिन्ही असावे.

निवाड्यानंतर

निवाडा जाहीर झाल्यापासून तीस दिवसांत रक्कम जमा करण्याचा कायदा आहे. व्याज साधारणपणे अर्ज केल्याच्या तारखेपासून मिळते आणि त्याचा दर न्यायाधिकरण ठरवते. तो बहुधा ६ ते ९ टक्के असतो. रक्कम जमा झाली नाही तर न्यायाधिकरणाकडून वसुलीचे प्रमाणपत्र घेता येते आणि जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. निवाडा अपुरा वाटल्यास नव्वद दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील करता येते, मात्र वादातील रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील चालत नाही. दावा चालू असताना जखमीचा मृत्यू झाला, तर कारण कोणतेही असले तरी त्याचे वारस तो दावा पुढे चालवू शकतात.

पैसे जखमीच्या स्वतःच्या बँक खात्यातच घ्यावेत. दुसऱ्याचे खाते देण्याची सूचना कोणी केली तर ती नाकारावी. रकमेचा काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश देते. उपचार, घरदुरुस्ती किंवा मुलांचे शिक्षण यांसाठी ती ठेव मुदतीपूर्वी मोडायची असेल, तर बँकेत वाद घालून उपयोग नसतो. खर्चाचा अंदाज जोडून त्याच न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, आणि कारण खरे असल्यास तो साधारणतः मंजूर होतो.